विहीणबाईंच्या घोड्याचं भाडं

आत्याला चार पायांच्या कुठल्याच जनावराची भीती वाटत नसे. लाथा झाडणारा घोडा असो की चावरं शिंगरू, ती सरळ जाऊन त्याच्या मानेवर हात ठेवी आणि म्हणे, "काय रे बाबा, कुणी चिडवलं तुला?" पण फोनवर कुणी "किती घ्याल?" असं विचारलं की तिच्या घशाला कोरड पडे. आधी ती खाकरायची. मग डिझेल हल्ली कसं महागलंय याबद्दल काहीतरी पुटपुटायची. आणि शेवटी इतक्या बारीक आवाजात आकडा सांगायची की पलीकडचा माणूस म्हणे, "काय?" तो बिचारा ऐकू आलं नाही म्हणून विचारत असे. आत्याला वाटे, जास्त झालं. ती लगेच पाचशे कमी करी.

"गिऱ्हाइकानं घासाघीस करायच्या आधी तूच स्वतःशी घासाघीस करून मोकळी होतेस," नवरा म्हणे. "त्याला बिचाऱ्याला काही कामच शिल्लक ठेवत नाहीस."

नवरा घड्याळं दुरुस्त करी. घराच्या पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल टाकून, एका डोळ्याला भिंग लावून तो दिवसभर बसलेला असे. गल्लीत त्याला सगळे घड्याळजी म्हणत, आणि तिला आत्या. आत्या म्हणायला सुरुवात केली भावाच्या पोरांनी. मग दूधवाला, पंपावरची माणसं, तबेल्यातले नोकर असं करत करत सगळ्या गावाचीच ती आत्या झाली. आधी ती दुधाचे कॅन वाहायची, मग वासरं, आणि गेली बरीच वर्षं घोडे. जीप जुनी होती, पण मागचा दोन घोड्यांचा ट्रेलर तिनं स्वतः रंगवलेला, दर खेपेनंतर घासूनपुसून धुतलेला. तिच्या ट्रेलरमधून उतरलेला घोडा कधी घामाघूम झालेला कुणी पाहिला नव्हता. घामाघूम होई ती आत्याच, पैसे मागायची वेळ आली म्हणजे.

अशा आत्याला एके दिवशी सकाळी विहीणबाईंचा फोन आला.

विहीणबाई म्हणजे लेकीच्या सासूबाई. नव्वद किलोमीटरवरच्या गावात त्यांची रोपवाटिका होती. बाई कष्टाळू, सरळ, पण व्यवहाराला अशा चोख की त्यांच्याकडून कुणी कधी कुंडीतली माती फुकट नेलेली नव्हती. साठी उलटल्यावर त्यांनी अचानक घोड्यावर बसायला शिकायचं मनावर घेतलं होतं. लोक या वयात गुडघ्यांना तेल लावून बसतात. या दर आठवड्याला बस पकडून आत्याच्या गावाजवळच्या घोडेस्वारीच्या शाळेत यायच्या आणि तबेल्याला चकरा मारून परत जायच्या.

"विहीणबाई, मी घोडा घेतला," त्या म्हणाल्या.

आत्याला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "काय घेतलं?"

"घोडा. शाळा बंद होतेय ना इथली. म्हातारे घोडे कुठं जातील याचा नेम नव्हता. मी ज्याच्यावर बसायची तो मी घेऊन टाकला. शहाणा नाव आहे त्याचं. रोपवाटिकेमागचं रान मोकळंच पडलंय, कुंपण घातलंय, छप्पर टाकलंय. आता तो आणायचा राहिलाय. बोला, किती घ्याल?"

आत्या खाकरली. "अहो, तुमच्याकडून काय घ्यायचं!"

"का? माझा घोडा काय पिशवीत घालून आणणार आहात?"

"तसं नाही, पण आता नात्यात..."

"नातं मुलांचं. घोडा माझा. उद्यापर्यंत भाव कळवा. आणि नीट विचार करून कळवा. मला फुकटचं पचत नाही आणि लबाडीचं त्याहून पचत नाही."

फोन बंद झाला. आत्या तशीच हातात फोन धरून उभी. इकडे आड आणि तिकडे विहीर म्हणतात, पण इथे विहिरीच्या जागी साक्षात विहीण होती.

संध्याकाळी तिनं लेकीला फोन लावला. घड्याळजीही भिंग काढून स्वयंपाकघरात येऊन बसले. त्यांना असल्या प्रसंगात फार रस.

"आई, कमी बिलकूल सांगू नकोस," लेक म्हणाली. "कमी सांगितलंस तर त्यांना वाटेल तू उपकार केलास. मग फेडायच्या मागे लागतील. दर रविवारी तुमच्या दारात कुंड्यांनी भरलेला टेम्पो उभा राहील."

"मग जास्त सांगू?"

"जास्त सांगितलंस तर मला इथं राहायचंय. त्या बोलणार काहीच नाहीत. नुसता चहाचा कप माझ्यापुढे जरा जोरात ठेवतील, वर्षभर."

"अगं मग सांगू तरी काय?"

"बरोब्बर सांग," असं म्हणून लेकीनं फोन ठेवला. मोठा प्रश्न चुटकीसरशी सोडवल्याचं समाधान तिच्या आवाजात होतं.

मग नवराबायको हिशोबाला बसले. म्हणजे हिशोब नवरा करत होता, आत्या प्रत्येक रकमेला मान हलवून नकार देत होती.

"जातानाचं डिझेल," घड्याळजी म्हणाले. "येतानाचं डिझेल."

"येताना ट्रेलर रिकामा असतो. लोक म्हणतात, रिकामं येण्याचे कसले पैसे?"

"का? रिकामा ट्रेलर तू ढकलत आणतेस?" त्यांनी ते धरलं. मग दोन्हीकडचा टोल, खाली अंथरायचा पेंढा, टायरची झीज. "आता तुझा दिवस."

"माझ्या दिवसाचं काय?"

"तो काय झाडाला लागतो? सकाळी जाणार, दिवेलागणीला येणार, मग तास दीड तास ट्रेलर धुणार. आणि विहीणबाई शेजारी बसून येणार असतील तर त्याचा धोक्याचा भत्ता वेगळा."

भत्ता सोडून बेरीज नऊ हजारांवर आली. आत्यानं त्या आकड्याकडे असं पाहिलं, जणू कुणी दुसऱ्याचीच साडी तिला नेसायला दिली होती.

"नऊ मी सांगितले तर त्या घोड्यावर बसून घरी जातील. मी सहा म्हणते."

"सहात डिझेल, टोल आणि पेंढा निघतो. म्हणजे घोडाही फुकट आणि तूही फुकट. मग एक हार पण घेऊन जा ना, विहीणबाईंच्या गळ्यात घालायला."

आत्या उठून भांडी घासायला लागली. दुसऱ्या दिवशी तिनं फोन केला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला तो घाईशेठचा.

घाईशेठ हा पलीकडच्या गावातला ट्रेलरवाला. कायम घाईत असायचा, म्हणून हे नाव. पोहोचायचा मात्र सगळ्यांच्या शेवटी.

"आत्या, घाईत आहे, एकच सांगतो," तो म्हणाला आणि पुढे पाव तास बोलला. "काल एका बाईंचा फोन आला. एक घोडा न्यायचाय, किती घ्याल? मी म्हटलं, साडेसात. तर मला विचारतात, एवढ्यात तुम्हाला परवडतं कसं? कुठंतरी काटकसर करत असाल. ब्रेक तपासता का? आत्या, मी त्या बाईला अर्धा तास ब्रेक समजावून सांगितले! शेवटी म्हणाल्या, बरं, बघते. त्याआधी म्हणे दुसऱ्या कुणालातरी विचारलं होतं, त्यानं अकरा सांगितले, तर त्याला चोर म्हणाल्या. कमी सांगितलं तर संशय, जास्त सांगितलं तर चोर. रोपांचा धंदा आहे म्हणत होत्या. तुमच्या ओळखीतल्या आहेत का कुणी?"

"नाही बाई," आत्या म्हणाली, आणि तिचे कान तापले.

फोन ठेवल्यावर मात्र ती घरभर फिरली. "बघितलंत? माझ्यावर विश्वास नाही! सख्ख्या विहिणीवर! दहा ठिकाणी चौकशा!"

"पण तू भाव सांगितलासच कुठं?" घड्याळजी भिंगातून एका चिमुकल्या चाकाकडे बघत म्हणाले. "बाई बिचारी अंधारात चाचपडतेय."

आत्यानं तणतणत फोन लावला. "विहीणबाई, शनिवारी सकाळी ट्रेलर घेऊन येते शाळेत. भाड्याचं मग बघू."

"मग बघू म्हणजे?"

"म्हणजे मग," असं म्हणून तिनं फोन ठेवून दिला, आणि लगेच तिला वाटलं, आपण जरा उद्धटपणा केला. तिनं त्यापायी मनातल्या मनात पाचशे कमी केले.

शनिवारी शाळेच्या आवारात सगळी आवराआवर चालली होती. खोगिरं पोत्यांत भरलेली, पाट्या उतरवलेल्या, निम्मे तबेले रिकामे. विहीणबाई गुडघ्यापर्यंतचे बूट आणि भली मोठी उन्हाची टोपी घालून शहाण्याला धरून उभ्या होत्या. शहाणा तपकिरी रंगाचा, थुलथुलीत, नाकापाशी पिकलेला. खालचा ओठ लोंबत होता, त्यामुळे तो कायम काहीतरी आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखा दिसे.

"गरीब गाय आहे," विहीणबाई अभिमानानं म्हणाल्या. "नुसतं चल म्हटलं की चालतो."

आत्यानं ट्रेलरचं मागचं दार खाली पाडलं. ते जमिनीला टेकलं की त्याचीच चढायची फळी होते. विहीणबाई दोरी धरून पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "चल."

गरीब गायीनं पुढचे दोन पाय फळीवर ठेवले. फळी हुंगली. खाली पोकळ आवाज येतोय याची खात्री करून घेतली. आणि अत्यंत शांतपणे पाय काढून मागे गेली.

"चल राजा."

पुन्हा दोन पाय. पुन्हा मागे.

"शहाण्या, मी रागावेन हं."

शहाण्यानं जांभई दिली.

"अतिशहाणा दिसतोय," आत्या म्हणाली.

तबेल्यातला एक नोकर मागच्या पायांमागून दोर घालून पुढे ओढतो म्हणाला, तर आत्यानं त्याला हातानंच थांबवलं. तिनं ट्रेलरचं पुढचं लहान दार उघडलं, म्हणजे आत उजेड पडला आणि आरपार दिसायला लागलं. मधली आडवी फळी एका बाजूला सरकवून जागा मोठी केली. चढणीवर पेंढा पसरला, म्हणजे टापांचा आवाज येणार नाही. आत गवताची जाळी टांगली. आणि मग एक बादली पालथी घालून त्यावर बसली.

"आता?" विहीणबाईंनी विचारलं.

"आता बसायचं."

"किती वेळ?"

"ते त्याला विचारा."

विहीणबाईंना बसवेना. त्या एका हातात सैल दोरी धरून येरझाऱ्या घालायला लागल्या. दर फेरीला त्या मनगटाकडे बघत आणि दर फेरीला त्यांचा चेहरा उतरत जाई. शेवटी त्या आत्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"हे असं बसायचे तुम्ही किती लावता?"

"बसायचे कसले पैसे, विहीणबाई!"

"अहो, अर्धा दिवस जाईल तुमचा! एवढं साधं कळत नाही? परवा त्या ट्रेलरवाल्यानं मला थांबायचे तासाला पाचशे..." आणि विहीणबाईंनी जीभ चावली.

"घाईशेठ असेल," आत्या पेंढ्याची काडी मोडत म्हणाली. "ब्रेकची पण माहिती दिली असेल त्यानं."

विहीणबाईंचा चेहरा टोपीच्या सावलीतही लाल झालेला दिसला. पण त्या मागे हटणाऱ्यातल्या नव्हत्या.

"हो, केली मी चौकशी. चौघांकडे केली. कारण तुम्ही तोंडातून आकडा काढेनात! मला कळायला नको, किती दिले म्हणजे तुमचं नुकसान होणार नाही? उद्या तुम्ही काहीतरी दोन-तीन हजार सांगणार, मी खुळ्यासारखी ते देणार, आणि सगळीकडे होणार की विहिणीनं विहिणीला लुटलं. माझी सून, म्हणजे तुमचीच मुलगी, माझ्याकडे कुठल्या तोंडानं बघेल?"

आत्या बघतच राहिली. तीन दिवस जपून फुगवून ठेवलेला राग टाचणी लागल्यासारखा फुस्सकन निघून गेला, तेव्हा तिला जरा चुकल्याचुकल्यासारखंच झालं. रागात एक बरं असतं, काय बोलायचं ते आयतं तयार असतं.

"मला वाटलं, मी लुटीन म्हणून तुम्ही..." ती म्हणाली.

"तुम्ही?" विहीणबाई म्हणाल्या. "तुम्ही कुणाला लुटणार? तुमच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा मंडपवाल्याला तुम्ही त्यानं मागितल्यापेक्षा जास्त दिलेत. तो अजून सांगतो सगळ्यांना."

दोघी हसायला लागल्या, आणि तेवढ्यात मागे धाड धाड आवाज झाला. आपल्याकडे कुणाचंही लक्ष नाही हे शहाण्याला मुळीच आवडलेलं नव्हतं. तो आपण होऊन वर चढून आत गेला होता आणि जाळीतलं गवत ओढत होता. आत्या उठली, मागची साखळी लावली, मधली फळी पुन्हा जागेवर आणली, दार चढवलं आणि म्हणाली, "चला, बसा. याचा विचार बदलायच्या आत निघू."

विहीणबाईंनी आजवर शहाण्याला पळवताना कधी डोळे मिटले नव्हते. त्या दिवशी जीपमध्ये मात्र त्यांनी पहिल्याच वळणावर मिटले. मागे धप्प झालं होतं.

"पडला!"

"पाय बदलला त्यानं."

पुढे पुन्हा धप्प.

"आता नक्की पडला!"

"आता दुसरा पाय बदलला. त्याला चार आहेत, तुम्ही जपून घाबरा, सगळे पहिल्या पाच मैलांतच संपवू नका."

आत्या ट्रेलर चालवी तेव्हा तिचा पाय ब्रेकवर असा पडे की पेल्यातलं पाणी हलू नये. वळणाच्या खूप आधी ती वेग उतरवी, वळण संपून ट्रेलर सरळ झाला की मगच वाढवी. मागे गाड्यांची रांग लागली होती आणि प्रत्येक गाडी भोंगा वाजवून आपलं मत सांगत होती. एक ट्रॅक्टर त्यांना मागे टाकून गेला. त्याच्या चालकानं जाता जाता दोघींकडे दयेनं पाहिलं.

"जरा हळू नाही का जाता येणार?" विहीणबाईंनी विचारलं.

"याहून हळू म्हणजे उभं राहणं, विहीणबाई."

निम्मा रस्ता झाल्यावर आत्यानं एका चहाच्या दुकानासमोर झाडाखाली ट्रेलर उभा केला. शहाण्याला पाणी दाखवलं, पाठीवरून हात फिरवला. कोरडी होती. मग दोघी बाकावर चहा घेऊन बसल्या आणि विहीणबाईंनी टोपी काढून बाजूला ठेवली. याचा अर्थ आता व्यवहाराचं बोलणं.

"आता आकडा."

आत्या खाकरली. "द्या हो... पाच द्या."

"पाच?" विहीणबाईंचा कप बाकावर आपटला. "घोडा नेताय की गादी? पाचात तुमचं डिझेल तरी निघतं का? मला स्वस्तात नेऊन पोचवायला मी काय रद्दी आहे?"

"अहो विहीणबाई, तुम्ही म्हणून नाही," आत्या काकुळतीला येऊन म्हणाली. "मला कुणालाच सांगता येत नाही. आकडा घशापर्यंत येतो आणि अडकतो. घरी हे रोज बोलतात. पण समोरचा नुसता 'हं' म्हणाला तरी मला वाटतं, त्याची परिस्थिती नसेल."

विहीणबाईंनी चहाचा उरलेला घोट संपवला.

"मी रोपवाटिका काढली ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा लोक यायचे, रोपाला हात लावायचे आणि उसासा टाकायचे. की मी लगेच दहा कमी करायची. माझी पहिली दोन वर्षांची बाग नुसत्या उसाशांवर गेली. मग कळलं, तीच माणसं बाहेर जाऊन गाडीत बसताना हसत असतात. तेव्हापासून मी एकच करते. आकडा सांगायचा आणि तोंड मिटायचं. आकड्यानंतर जो आधी बोलतो तो हरतो. चला, मी गिऱ्हाईक. मला सांगा. खरा किती होतो?"

"नऊ हजार होतात, म्हणजे आता डिझेल बघता..."

"डिझेल नको! पुन्हा."

"नऊ हजार, पण तुम्हाला जर..."

"पण नको!"

"नऊ हजार?"

"मला काय विचारता? मला काय ठाऊक किती? तुम्ही सांगायचंय!"

चहावाला कपबशा विसळायच्या थांबवून ऐकत होता. त्याला वाटलं, एक बाई दुसरीकडून पैसे वसूल करतेय आणि जी देणार आहे तीच ओरडतेय. त्याला काही उलगडा होईना.

आत्यानं आणखी चार-पाच वेळा म्हणून पाहिलं. एकदा आवाज चिरकला, एकदा हसू आलं, एकदा नीट आलं तर शेवटी "बरं का" आलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. एका माणसाला दोन तट्टं न्यायची होती, जरा लांब, डोंगराकडे. किती पडतील?

आत्यानं विहीणबाईंकडे पाहिलं. विहीणबाईंनी भुवया उंचावल्या. आत्यानं डोळे मिटले, मनात दोन्हीकडचं डिझेल धरलं, आपला दिवस धरला, आणि म्हणाली, "चौदा हजार."

पलीकडे शांतता. कुणीतरी नुसतं श्वास घेतंय एवढंच ऐकू येत होतं. आत्याचा घसा आतून खाजायला लागला. तिनं तोंड उघडलं. विहीणबाईंनी झटकन पुढे होऊन आपला हात त्यावर दाबून धरला. त्या हाताला घोड्याचा आणि हरभऱ्याच्या चंदीचा वास येत होता.

"ठीक आहे," पलीकडचा माणूस म्हणाला. "बुधवारी जमेल?"

आत्यानं हाताआडून जोरजोरात मान हलवली.

"मान काय हलवता, फोन आहे तो!" विहीणबाई कुजबुजल्या आणि हात काढला.

"जमेल," आत्या म्हणाली. मग तिनं दोन्ही चहाचे पैसे दिले आणि विहीणबाईंना आज पहिल्यांदाच कुणाचंतरी फुकटचं काही पचलं.

रोपवाटिकेच्या फाटकातून ट्रेलर उलटा आत घेणं म्हणजे सुईत दोरा ओवणं होतं, तेही दोन्ही बाजूंना कुंड्यांच्या रांगा. लेक आणि जावई बाहेर येऊन उभे होते. जावई हातवारे करून दिशा दाखवत होता, ते दिसू नयेत म्हणून आत्या आरशातच बघत राहिली. एकही कुंडी न फुटता ट्रेलर रानाच्या तोंडाशी लागला. शहाणा मागच्या पायांनी एकेक पाऊल टाकत असा उतरला, की याच्यापायी सकाळी कुणी ताटकळलं होतं यावर कुणाचा विश्वास बसला नसता. उतरल्यावर त्यानं मान वळवली आणि सगळ्यात जवळच्या गुलाबाचा शेंडा खाल्ला.

"आई, तो गुलाब!" जावई ओरडला. "तो कलमाचा आहे!"

"खाऊ दे," विहीणबाई म्हणाल्या.

जावयानं बायकोकडे पाहिलं. आपली आई एखाद्याला फुकट गुलाब देते हे त्याला नवीन होतं.

शहाणा रानात गेला, गोल फिरला, चारी पाय वर करून धुळीत लोळला आणि कुणाचीही पर्वा न करता चरायला लागला. मग सगळे रोपवाटिकेच्या दुकानात आले. विहीणबाई गल्ल्यामागे उभ्या राहिल्या, आत्या गल्ल्यापुढे. लेक दारात थबकली.

"बोला, विहीणबाई," विहीणबाई म्हणाल्या.

आत्या खाकरली नाही. "साडेनऊ हजार. सकाळचं थांबणं धरून." आणि तिनं तोंड मिटलं.

"साडेनऊ?" विहीणबाई सवयीनं म्हणाल्या. इतकी वर्षं गल्ल्यामागे उभं राहिलेल्या माणसाच्या तोंडून ते आपोआपच निघालं. "साडेनऊ जरा जास्त नाही का होत? जाताना तर तुम्ही रिकाम्याच जाणार."

आत्या काही बोलली नाही. तिनं समोरच्या फळीवरची खताची पाकिटं वाचायला घेतली. एक वाचून झालं, दुसरं वाचायला घेतलं. लेक एकदा आईकडे बघे, एकदा सासूकडे. तिला वाटलं, झालं, आता संपलं सगळं. जावई काहीतरी बोलायला पुढे झाला, तर तिनं त्याच्या पायावर पाय दिला.

विहीणबाईंनी पुन्हा तोंड उघडलं. आणि मग त्यांच्या लक्षात आलं. आधी त्यांचे डोळे बारीक झाले, मग खांदे हलायला लागले, आणि मग त्या गल्ल्यावर दोन्ही हात टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"मीच शिकवलं आणि माझ्यावरच चालवलंत! आणि मी बोलले हो! मी आधी बोलले!"

"बोललात," आत्या म्हणाली. "हरलात."

विहीणबाईंनी गल्ला उघडून पूर्ण पैसे मोजले. ते हातात पडताक्षणी आत्याचा अंगठा जुन्या सवयीनं पाचशेची एक नोट वेगळी करायला सरकला. विहीणबाईंनी नुसतं बघितलं. अंगठा जागेवर गेला, पैसे पर्समध्ये गेले, आणि पर्सची चेन आत्यानं अशी लावली की सगळ्यांना ऐकू आली.

सोमवारी लेकीचा फोन आला. "आई, तू काय करून ठेवलंयस?"

आत्या लगेच खाकरली. "का गं? काही बोलल्या का त्या?"

"काही? थांबायचं नावच घेत नाहीत! येईल त्या गिऱ्हाइकाला मागं नेऊन घोडा दाखवतात आणि सांगतात, माझ्या विहिणीनं आणला. फार महाग आहे हो ती. सगळ्यांना नाही परवडायची. अगं, कालपासून तीन लोकांनी तुझा नंबर मागितला माझ्याकडे."

"असं म्हणाल्या? महाग?"

"अगदी नाक वर करून."

आत्यानं फोन ठेवला आणि बुधवारच्या तट्टांसाठी ट्रेलर धुवायला घेतला. एकदा धुतलेला ट्रेलर ती पुन्हा धूत होती, आणि पाणीही नेहमीपेक्षा जास्तच उडत होतं. पुढच्या खोलीच्या खिडकीवर शिंतोडे आले तेव्हा घड्याळजींनी भिंग कपाळावर सरकवून डोकं बाहेर काढलं.

"काय गं, झालं काय?"

"काही नाही," आत्या म्हणाली. "मी महाग आहे म्हणे."

"हात्तिच्या," घड्याळजी डोकं आत घेत म्हणाले. "हे तर मी लग्नापासून सोसतोय."